मार्गमीमांसक

पुण्याहून जैसलमेरला स्वतःच्या मोटारीने जावे, असा विचार मध्यमवर्गीय गृहस्थाच्या मनात सहसा नवरात्राच्या सुमारास उद्भवतो. आणि पत्नीची संमती, कचेरीची रजा व मुलांच्या परीक्षा या तीन दरबारांतून त्यावर मंजुरीचा शिक्का उमटण्यापूर्वीच, कोणत्या हेरांकरवी कोण जाणे, तो वसाहतीतल्या मार्गमीमांसकाच्या कानी गेलेला असतो. सायंकाळी दारावरची घंटा वाजते. काखेत कापडावर चिकटवलेला आणि घड्यांच्या ठिकाणी झिजून पारदर्शक झालेला नकाशा, खिशात दोन रंगांच्या पेन्सिली आणि मुद्रेवर अपील ऐकण्यास बसलेल्या न्यायाधीशाची निर्विकारता, अशा थाटात तो प्रवेश करतो. केव्हा जाणार, कोण कोण जाणार, कशासाठी जाणार, हे प्रश्न त्याच्या लेखी गौण होत. त्याचा प्रश्न एकच असतो, "कोणत्या रस्त्याने?" आणि यजमानाने त्यावर काहीही उत्तर दिले, तरी तो डोळे मिटून नुसता "हं" म्हणतो. या हुंकारात यजमानाच्या अज्ञानाविषयी करुणा, त्याच्या कुटुंबाच्या सुरक्षिततेविषयी चिंता आणि आपण वेळेवर येऊन पोहोचलो याविषयी ईश्वराचे आभार, एवढे सर्व सामावलेले असते.

हा मनुष्य बहुधा सेवानिवृत्त असतो. पाटबंधारे, भूमापन, विमा अथवा बँक यांपैकी एखाद्या खात्यात त्याने हयात घालवलेली असते, आणि तपासणीच्या निमित्ताने जो मुलुख त्याने पालथा घातला, त्यातील देवळे, नद्या व माणसे यांपैकी काहीही स्मरणात न राहता फाटे तेवढे राहिलेले असतात. संगमनेर म्हटले की आपल्याला आणखी काही आठवेल. त्याला चंदनापुरीचा घाट आठवतो. पालनपूर म्हटले की आपल्याला अत्तर आठवेल. त्याला आबू रोडकडे निघणारा रस्ता आठवतो. त्याच्यापाशी एक जाड वही असते, आणि त्या वहीत गेल्या कित्येक वर्षांतल्या प्रवासांची रोजनिशी, म्हणजे कोणत्या गावी गाडीच्या मीटरवर कोणता आकडा होता याची नोंद, वतनाच्या सनदेला साजेल अशा आदराने जतन केलेली असते.

त्याच्याशी बोलताना पहिली अडचण भाषेची नसून अंकगणिताची असते. सरकारने २०१० साली देशातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, उत्तर-दक्षिण धावणाऱ्या रस्त्यांना सम आणि पूर्व-पश्चिम धावणाऱ्यांना विषम आकडे बहाल केले, आणि या फेरफाराला मार्गमीमांसकाने आजतागायत मान्यता दिलेली नाही. मुंबईहून अहमदाबादमार्गे दिल्लीला जाणारा रस्ता त्याच्या दप्तरी अजूनही 'आठ नंबर' आहे. वस्तुतः तो आता ४८ आहे, आणि नवा आठ नंबर त्रिपुरात आगरतळ्याकडे निघून गेला आहे. पठाणकोटहून बिकानेर, जैसलमेर, बाडमेर करीत कच्छाच्या तोंडाशी उतरणारा जुना पंधरा नंबर, जो त्याच्या मते हिंदुस्थानातला सर्वांत खानदानी रस्ता होय, त्याची तर वाटणीच झाली: जैसलमेरच्या दक्षिणेला ६८, बिकानेरच्या बाजूला ११, आणि पंधरा हे नाव आसामात रवाना. पण त्याचे खरे दुःख निराळेच आहे. पुण्यावरून कोल्हापूर-बंगळूरकडे जाणाऱ्या ज्या चार नंबरवर त्याचे तारुण्य खर्ची पडले, तो क्रमांक सरकारने अंदमानच्या रस्त्याला दिला. "काहीएक गुन्हा नसताना," तो आवंढा गिळून सांगतो, "चार नंबरला काळ्या पाण्यावर धाडला हो!" अशा प्रसंगी यजमानाने चहा आणण्याची तजवीज करावी, हे उत्तम.

पुणे ते जैसलमेर हे अंतर मार्गाप्रमाणे बाराशे-तेराशे किलोमीटर भरते, आणि कोणालाही वाटेल की, वाळवंटाच्या प्रवासात निवडीचा प्रश्न वाळवंटाशी येत असेल. तसे नाही. मार्गमीमांसकाचे निम्मे आयुष्य महाराष्ट्राच्या हद्दीतून बाहेर कसे पडावे या एकाच प्रश्नात जाते, आणि या प्रश्नावर त्यांच्यात तीन संप्रदाय आहेत. पहिला घोडबंदरवादी: द्रुतगती मार्गाने कळंबोली, तेथून ठाणे, घोडबंदर आणि वरसावे येथे खाडीचा पूल ओलांडून आठ नंबरला (म्हणजे अठ्ठेचाळीसला) लागावे, असे त्याचे मत, मात्र पहाटे साडेतीनला घर सोडण्याची ज्याची तयारी नाही, त्याने या संप्रदायाची दीक्षा घेऊ नये, असे तो स्वतःच सांगतो. दुसरा मनोरवादी: भिवंडी, वाडा, मनोर. हा रस्ता अंतराने सोयीचा आणि खड्ड्यांनी समृद्ध असल्यामुळे त्याचे अनुयायी सहनशील व किंचित तत्त्वज्ञ वृत्तीचे आढळतात. तिसरा सापुतारावादी: नाशिक, वणी, सापुतारा, वांसदा करीत चिखलीजवळ महामार्गाला मिळणारा, मुंबईचे दर्शनही घडू नये एवढ्यासाठी डांगचा सबंध घाट चढून उतरण्यास तो आनंदाने सिद्ध असतो. धुळे, सेंधवा, इंदूर, नीमच, चित्तोडगड असा आग्रा रोडचा पुरस्कार करणारा एखादा पाखंडी अधूनमधून निघतो; पण त्याला बाकावर बसायला जागा देत नाहीत.

हे तिन्ही संप्रदाय सकाळी फिरून झाल्यावर बागेतल्या बाकावर एकत्र येतात, आणि मग जो खल होतो, त्यात ज्याला जायचे आहे त्या बिचाऱ्या तरुणाला बोलण्याची मुभा नसते.

"काका, गुगल सांगतंय की..." असे त्याने चुकून म्हटलेच, तर काका त्याच्याकडे न पाहता शेजारच्या घोडबंदरवाद्याला सांगतात, "त्या बाईला रस्ता ठाऊक आहे, मान्य. पण रस्त्याचा स्वभाव ठाऊक आहे का?"

अहमदाबाद हे सर्वमान्य. भरूचजवळ नर्मदेवर २०१७ साली नवा पूल झाल्यापासून तो टप्पा निर्वेध झाला, आणि त्याबद्दल सर्वांनाच अंतर्यामी थोडी खंत आहे. जुन्या पुलाच्या तोंडाशी मालमोटारींच्या रांगेत रात्र काढल्याचा पराक्रम आता नव्या पिढीच्या वाट्याला यायचा नाही. बडोद्यापासून अहमदाबादपर्यंतचा द्रुतगती मार्ग तो दोन वाक्यांत आटोपतो, कारण ज्या रस्त्यावर मतभेदाला वाव नाही, त्या रस्त्यात त्याला रस नसतो. अहमदाबादेपुढे मात्र खरा ग्रंथ उघडतो.

तेथून वाटा तीन. एक हिंमतनगर, शामळाजीवरून उदयपूरला आणि तेथून राणकपूर करीत जोधपूरला जाणारी, डोंगराची व देखणी. दुसरी पालनपूर, आबू रोड, पिंडवाडा, सिरोही, पालीवरून जोधपूरला आणि पुढे पोखरणवरून जैसलमेरला नेणारी, प्रशस्त व प्रतिष्ठित. तिसरी थराद, सांचोर, धोरीमन्ना, बाडमेरवरून थेट जैसलमेरला भिडणारी, अंतराने सर्वांत आखूड आणि मार्गमीमांसकाच्या भाषेत "एकटी". यांपैकी कुटुंबवत्सल माणसाने कोणती धरावी, या प्रश्नावर तो दोन सायंकाळी सहज खर्च करतो. पहिल्या वाटेवर बायकामुलांना पाहण्यासारखे पुष्कळ आहे, हेच त्याला तिचे वैगुण्य वाटते. गाडी पाहण्याकरिता थांबली की सरासरी बिघडते. राणकपूरच्या जैन मंदिरात १४४४ खांब आहेत अशी प्रसिद्धी आहे. याला विचाराल तर तो घाटातली वळणे सांगेल. दुसऱ्या वाटेवर पाली आणि जोधपूर यांच्या दरम्यान बुलेट मोटारसायकलीचे एक देवस्थान आहे, काचेच्या पेटीत ती गाडी ठेवलेली आहे आणि जाणारे-येणारे वाहनचालक तेथे सुखरूप प्रवासासाठी माथा टेकतात. तेहतीस कोटींपैकी या एकाच दैवतापुढे हा नास्तिक गृहस्थ मनापासून हात जोडतो.

तिसऱ्या वाटेसाठी त्याचा युक्तिवाद मोठा अभिनव असतो. बाडमेरच्या बाजूला सट्टा-गांधव टप्प्यावर महामार्गाची सुमारे तीन किलोमीटर लांबीची पट्टी हवाई दलाच्या विमानांना अडीअडचणीला उतरता यावे म्हणून बांधली गेली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये दोन केंद्रीय मंत्री विमानातून प्रत्यक्ष तेथे उतरले, ही हकीकत तो अशा अभिमानाने सांगतो की ऐकणाऱ्याला त्या विमानात तिसरा हाच असावा असे वाटते. "जिथं हर्क्युलिस उतरतं, तिथं तुझी मारुती अडखळेल का रे?" या प्रश्नाला तरुणापाशी उत्तर नसते. ते घोडबंदरवाद्यापाशी असते: ती पट्टी ९२५-अ या निराळ्या महामार्गावर आहे आणि मुलाला त्या रस्त्याने जायचेच नाही. सभा तेथे बरखास्त होते.

अलीकडे या वाटांच्या वादात अमृतसर-जामनगर द्रुतगती मार्गाची भर पडली आहे. एकंदर १२५० किलोमीटरांच्या पुढची त्याची लांबी, आणि राजस्थानातल्या मोठ्या भागाचे लोकार्पण जुलै २०२३ मध्ये बिकानेरला झाले. मार्गमीमांसकाला हा रस्ता मनातून आवडलेला आहे, पण त्याची अडचण अशी की, सांचोरकडून बिकानेरच्या दिशेने धावताना जैसलमेर पश्चिमेला दूर राहते. यावर त्याने काढलेला तोडगा ऐकून तरुणाची आई आतून स्वयंपाकघर सोडून बाहेर आली. "वहिनी," त्याने समजावले, "जैसलमेरचाच हट्ट कशाला? रस्ता जिथं नेतो तिथं जावं. बिकानेरलाही वाळू आहेच की."

इतिहासही त्याच्या दप्तरात सापडतो, पण तोसुद्धा वाहतुकीच्या अंगाने. मराठी फौजा मारवाडात नागौरपर्यंत गेल्या होत्या आणि तेथे वेढा चालू असतानाच १७५५ साली जयाप्पा शिंदे दग्याने मारले गेले, हे आपण शाळेत वाचून विसरलेलो असतो. तो विसरलेला नसतो. त्याचा निष्कर्ष मात्र स्वतंत्र आहे. "वाट बरोबर धरली होती. मुक्काम लांबला, तिथं घात झाला." म्हणून जोधपूरला एकच रात्र, असे फर्मान सुटते, आणि मेहरानगड, उमेदभवन व बाजार यांची यादी करून बसलेल्या सूनबाईंचा चेहरा उतरतो.

या साऱ्या उपहासात एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच्या वाळवंटाविषयीच्या सूचना अक्षरशः खऱ्या असतात, आणि त्या न ऐकणारे लोक नंतर मोठ्या तन्मयतेने आपली कैफियत सांगताना आढळतात. मे महिन्याच्या सुटीत जाऊ म्हणणाऱ्याला तो फलोदीचे नाव ऐकवतो: १९ मे २०१६ रोजी तेथे पारा ५१ अंशांवर गेला होता. दिवस मावळल्यावर मारवाडात गाडी हाकू नये, कारण उन्हाने तापलेल्या डांबराची ऊब घेत गुरे रस्त्यावर बसतात, उंट आणि नीलगायी दिवे पाहून बाजूला होत नाहीत, आणि वाऱ्याने आणून टाकलेली वाळू अंधारात रस्त्याच्याच रंगाची दिसते. कडेची वाळू घट्ट दिसते म्हणून छायाचित्रासाठी चाक खाली उतरवू नये. टाकी निम्मी झाली की भरावी. पुढचा पंप आहे का, याची चौकशी निम्म्यावर करायची, काट्यावर नव्हे. अंतर कमी म्हणजे वेळ कमी, हा समज तर त्याने वसाहतीतल्या पुष्कळांच्या डोक्यातून काढून टाकला आहे, आणि एवढ्या एका कार्यासाठी गृहनिर्माण संस्थेने त्याचा सत्कार करावयास हरकत नव्हती.

आपल्याला शंका येते की, हा पंडित घरबसल्याच बोलत असावा. ती शंका निराधार आहे. तो खरोखरच जाऊन आलेला असतो, आणि तेथेच गोम आहे. जैसलमेरचा किल्ला ११५६ साली रावळ जैसल याने वसवला, पिवळ्या पाषाणाचा आहे, आणि त्याच्या तटांच्या आत आजही लोक नांदतात, पण याला विचारावे, "काका, किल्ला कसा वाटला?" तर उत्तर येते, "पायथ्याशी गाड्या लावायला जागा नाही." पालीवालांचे ओसाड कुलधरा? "मुख्य रस्ता सोडून आत जावं लागतं." तनोट? "रस्ता उत्तम. सरळ. पुढं सीमाच आहे, त्यामुळे परत फिरावं लागतं." हे शेवटचे वाक्य तो किंचित विषादाने उच्चारतो. गंतव्य स्थान म्हणजे रस्ता संपल्यामुळे ओढवलेली आपत्ती, अशी त्याची प्रामाणिक धारणा आहे. आणि मला तर असे वाटते की, फाळणीविषयी त्याची मुख्य तक्रार हीच असावी.

अखेर डिसेंबरात तो तरुण निघतो. पहाटे साडेतीनला मार्गमीमांसक मफलर गुंडाळून फाटकाशी हजर असतो, चाकांतली हवा स्वतः पाहतो आणि मनोरचा उल्लेख झाल्यास कानांवर हात ठेवतो. त्यानंतरचे दोन दिवस त्याच्या घरात कोणाला दूरध्वनी वापरता येत नाही. चारोटी, अंकलेश्वर, मेहसाणा, थराद, प्रत्येक ठाण्यावरून खबर मागवली जाते, वहीत वेळा टिपल्या जातात, आणि सांचोरला पंचवीस मिनिटे अधिक लागल्याचे कळताच चौकशी बसते. मुलाला उलटी झाली हे कारण नोंदवून घेतले जाते, मान्य होत नाही.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूवरून छायाचित्र येते. सूर्य क्षितिजाला टेकलेला, उंटांची रांग, सूनबाईंची उडती ओढणी, मुलांनी हवेत उधळलेली वाळू. बाकावरची सगळी मंडळी हळहळून "वा!" म्हणतात. मार्गमीमांसक चष्मा कपाळावर चढवतो, दोन बोटांनी चित्राचा डावा खालचा कोपरा मोठा करतो, मोठा करीत करीत त्यात एक काळसर रेघ सापडेपर्यंत थांबत नाही, आणि लगेच फोन लावतो.

"अरे, छान, छान. सगळे बरे ना? बरं, मला सांग, तुझ्या मागं जो रस्ता दिसतोय, तो एकपदरी आहे की दुपदरी?"