क्यूची पाठराखीण

सामान्य भाषाव्यवहारात माणसाच्या मनात आधी अर्थ उभा राहतो आणि मग त्याला साजेसा शब्द सापडतो, किंवा सापडत नाही आणि ‘ते हे’ म्हणून वेळ मारून नेली जाते. इंग्रजी शब्दखेळांत हा क्रम उलटा असतो. तेथे हाती आधी अक्षरे पडतात, त्यांतून शब्द जुळवावा लागतो, आणि अर्थाची चौकशी झालीच तर ती हरलेल्या पक्षाकडून, बहुधा वरच्या पट्टीत, होते. या खेळांपैकी स्क्रॅबल हा सर्वांत प्रतिष्ठित म्हणता येईल. २२५ घरांच्या पटावर, एका वेळी हाताशी अक्षरांच्या सात सोंगट्या ठेवून, एकमेकांना छेदणारे शब्द मांडत जाणे हे त्याचे स्थूल स्वरूप होय.

न्यूयॉर्कचे वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांना १९३० च्या दशकातील महामंदीत घरे बांधून घेणारे कोणी उरले नाही, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजण्यास आरंभ केला. बेकार माणसे वर्तमानपत्र वाचतात हे सर्वज्ञात आहे. ते मोजून पाहणारा मात्र विरळा. त्या मोजदादीतून पुढे १९४८ साली स्क्रॅबल हे नाव मिळालेल्या या खेळात शंभर सोंगट्या आल्या, पैकी ई बारा आणि क्यू अवघा एक. एस हे अक्षर इंग्रजीत मुबलक असूनही बट्स यांनी त्याला चारच सोंगट्या दिल्या, कारण दुसऱ्याने कष्टाने रचलेल्या शब्दापुढे एक एस चिकटवून अनेकवचनाचे श्रेय लाटण्याची मनुष्यस्वभावाची ओढ त्यांनी ओळखली होती.

या व्यवस्थेतील खरे संकट क्यू हेच होय. त्याचे मोल दहा गुण, म्हणजे पटावरील सर्वोच्च, आणि झेडखेरीज तो मान दुसऱ्या कोणास नाही. परंतु शाळेत प्रत्येकास शिकवले जाते की क्यूच्या मागोमाग यू येतोच. नव्या नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या पाठराखिणीसारखे हे नाते असून फरक इतकाच की पाठराखीण चार दिवसांनी माहेरी परतते आणि यू नऊशे वर्षे परतलेला नाही. जुन्या इंग्रजीत राणीवाचक ‘क्वीन’ हा शब्द सी आणि डब्ल्यू यांनी लिहिला जात असे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तेथे क्यू आणि यू ही जोडी आणून बसवली आणि ती तेथेच राहिली. त्यामुळे हाती क्यू आला आणि यू आला नाही, तर खेळाडूची अवस्था भेंड्यांत ळ वाट्याला आलेल्या गायकासारखी होते. मराठीत ळने आरंभ होणारा शब्दच नसल्याने घरोघरी ळऐवजी ल चालवून घेण्याचा तह झालेला असतो. स्क्रॅबलच्या पटावर असा तह नाही.

यूवाचून चालणारा क्यू इंग्रजीत प्रायः परदेशांतून आला. चीनमध्ये १९५८ साली चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पिनयिन ही पद्धती स्वीकारली गेली, आणि तीत प्राणशक्तीवाचक ‘ची’ हा शब्द क्यू आणि आय या दोन अक्षरांनी लिहिला जाऊ लागला. पद्धती ठरवणाऱ्या समितीपुढे स्क्रॅबलपटूंचे हित असण्याचा संभव कमी. तरीही उत्तर अमेरिकेच्या अधिकृत शब्दसूचीत २००६ साली हा शब्द आला आणि असंख्य खेळाडूंची प्राणशक्ती खरोखरच परतली. दुसरा मोठा पुरवठा अरबीचा. कंठाच्या तळातून उमटणाऱ्या काफ या अरबी वर्णासाठी रोमन लिपीत क्यू वापरण्याचा प्रघात असल्याने ‘तलाक’ आणि ‘फकीर’ हे शब्द क्यूसह इंग्रजी सूचीत बसले आहेत. मराठी खेळाडूला वस्तुतः येथे लाभ व्हावयास हवा, कारण हे शब्द त्याच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. परंतु मराठीने काफ आणि क यांतील भेद कधीच मिटवून टाकलेला असल्यामुळे तो फकीर निःशंकपणे के घालून लिहितो. तोही ग्राह्य आहे. त्याचे मूळ गुण बारा होतात, क्यूचे सतरा झाले असते, आणि डाव संपताना हाती उरलेल्या क्यूपायी दहा गुण वजा होऊन आधी सोंगट्या संपवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होतात. फकीर कोण झाला, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

स्वर हाती नसण्याचे दुःख त्या मानाने सौम्य. त्यावर वेल्श भाषेचा उतारा आहे, कारण तीत डब्ल्यू हा स्वराचे काम करतो. हिमनदीने कोरलेल्या वाडग्याच्या आकाराच्या दरीला ‘कूम’ म्हणतात आणि तो शब्द सी, डब्ल्यू, एम एवढ्यावर भागतो. एव्हरेस्टवर जाणारे गिर्यारोहक अशीच एक दरी ओलांडतात. स्क्रॅबलपटू ती बसल्या जागी ओलांडतो.

अर्थ ठाऊक असणे या खेळात उपयोगाचे आहे काय, या प्रश्नाचा निकाल न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली लावला. फ्रेंच बोलता येत नसताना त्यांनी फ्रेंच शब्दसूची पाठ केली आणि फ्रेंच भाषेतील स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. अक्षरांची ही कसरत भारतीयांना नवी आहे असे मात्र नव्हे. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) निरोष्ठ रामायण रचले. निरोष्ठ म्हणजे ओठांना ओठ लावून उच्चारावे लागणारे प, फ, ब, भ, म आदी वर्ण वर्ज्य करून केलेली रचना, ज्यात अर्थही सांभाळावा लागतो आणि कथाही. आणि म वर्ज्य असल्याने कथानायकाचे ‘राम’ हे नावच, संपूर्ण रामायणात, कवीला घेता येत नाही.