सातवाहनकालीन सर

प्राचीन इतिहासावर कुठल्याही कॉलेजात चर्चासत्र असो, नोंदणीच्या टेबलापाशी सर सगळ्यांच्या आधी उभे असतात. खांद्याला मागच्या चर्चासत्रातली बॅग, खिशाला त्याच्या मागच्या चर्चासत्रातलं पेन. टेबलामागच्या मुलीला ते विचारतात, “जेवणाचं कुपन यातच आहे ना? सर्टिफिकेट समारोपाच्या आधी मिळेल का? आणि आमचा पेपर जेवणाआधी लावता येईल का, बघा ना मॅडम.” एस. वाय.ची पोरगी, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हटलेलं. ती लगेच यादीत खाडाखोड करते. सरांना चारची एसटी मिळते.

सरांचा विषय सातवाहन. विषय एक आणि पेपरही एकच. मूळ पेपर होता ‘सातवाहनकालीन व्यापार : एक अभ्यास’. पुढे चर्चासत्रांचे विषय बदलत गेले तसा तोही कपडे बदलत गेला. ‘सातवाहनकालीन स्त्रीजीवन : एक चिंतन’, ‘सातवाहनकालीन पर्यावरणभान’, ‘सातवाहन आणि जागतिकीकरण’, मधल्या काळात ‘सातवाहनकालीन कौशल्यविकास’. हल्ली सगळीकडे भारतीय ज्ञान परंपरा सुरू झाल्यापासून सरांना शीर्षकात एवढे तीन शब्द घातले की पुरतं. आत पैठण, तेर, कल्याण, सोपारा जिथल्या तिथे.

ही लबाडी आहे असं कुणी सुचवलंच, तर सर जोगळटेंभी काढतात. नाशिकजवळच्या या गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. १३,०००हून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या ९,०००हून जास्त नाण्यांवर सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा हाणला आणि तीच पुन्हा चालवली. नवीन चांदी नको, नवीन टांकसाळ नको. ठशाखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं. “सम्राटाला चाललं,” सर म्हणतात, “मी तर असोसिएट प्रोफेसर.”

खरं सांगायचं तर यात एकट्या सरांना दोष देण्यात अर्थ नाही. २०१० साली यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीला गुणांचा तक्ता लावला आणि ज्ञानाची मोजदाद सुरू झाली. पेपर वाचला की गुण. राज्यस्तरीयला थोडे, राष्ट्रीयला जास्त, आंतरराष्ट्रीयला त्याहून जास्त. नेपाळचा एखादा पाहुणा स्क्रीनवरून ‘नमस्कार’ म्हणाला की तालुक्याच्या गावचं चर्चासत्र आंतरराष्ट्रीय! लॉकडाऊनमध्ये तर सरांचं सुवर्णयुगच आलं. दिवसाला तीन वेबिनार. कॅमेरा बंद, माइक बंद, शेवटी फीडबॅकचा फॉर्म भरला की प्रमाणपत्र मेलवर हजर. त्या काळात सरांनी एकदा ग्रीक शोकांतिकेवरच्या वेबिनारलाही हजेरी लावली होती. कशी होती विचारलं तर म्हणाले, “आवाज तुटत होता, पण सर्टिफिकेट रंगीत.”

चर्चासत्राची रीत सरांना पाठ आहे. दहाचं उद्घाटन साडेअकराला, कारण संस्थेचे अध्यक्ष दुसऱ्या उद्घाटनात अडकलेले. मग पंखे बंद करून दीपप्रज्वलन, पाचव्या काडीला वात पेटते. स्वागतगीत. बीजभाषणाला कुणीतरी खरोखरचे विद्वान बोलावलेले असतात. आयुष्यभर पांढऱ्या मातीत बसून खापरं मोजलेला माणूस, जोर्वे संस्कृतीच्या तोटीच्या भांड्यावर तासभर बोलायची तयारी करून आलेला, आणि त्याला चिठ्ठी जाते, ‘पंधरा मिनिटांत आटोपावे, मा. अध्यक्षांना जायचे आहे.’ उरलेला पाऊण तास मा. अध्यक्ष बोलतात. या वेळात सर मागच्या दारातून एक चक्कर मारून येतात आणि शेजारच्याच्या कानात सांगतात, “मसालेभात. जिलेबी. मठ्ठा आहे, पण पातळ दिसतो.”

सरांची फजिती मी एकदाच पाहिली. चर्चासत्र जलव्यवस्थापनावर होतं. सरांनी आदल्या रात्री कॉम्प्युटरला हुकूम सोडला होता : जिथे जिथे ‘व्यापार’ असेल तिथे तिथे ‘जलव्यवस्थापन’ कर. यंत्राने तो इमानाने पाळला. दुसऱ्या दिवशी सर व्यासपीठावरून खणखणीत आवाजात वाचू लागले, “सातवाहनांचा रोमशी भरभराटीचा जलव्यवस्थापन चाले. पेरिप्लस या ग्रंथात लिहिल्याप्रमाणे पैठणचे अकीक आणि तेरचे कापड गाड्यांवर लादून जलव्यवस्थापनी लोक भडोचला नेत. पैठण ते भडोच वीस दिवसांची वाट. वाटेत जलव्यवस्थापनी तांड्यांना चोरांचा उपद्रव होई.” सत्राध्यक्ष जागे झाले. मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला, “सर, चोर पाणी चोरायचे का?” सर क्षणभरही डगमगले नाहीत. चष्मा काढला, पुसला, म्हणाले, “फार मूलगामी प्रश्न आहे. यावर स्वतंत्र संशोधनाची गरज आहे.” अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि उरलेले प्रश्न वेळेअभावी चहावर ढकलले. चहाला तो मुलगा होता, सर नव्हते. चारची एसटी.

प्रमाणपत्रावरचं नाव हा मात्र सरांचा हळवा विषय. कधी आडनावाची वेलांटी चुकते, कधी वडिलांचं नाव गळतं, एकदा तर ‘श्रीमती’ छापून आलं. सर ते कागद परत करतात, नवीन मिळेपर्यंत ऑफिसच्या दारातून हलत नाहीत. त्या दिवशी एसटीसुद्धा चुकू देतात.

गेल्या हिवाळ्यात जुन्नरच्या बाजूला चर्चासत्र होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नाणेघाटाला नेलं. बाकीचे दगडी रांजणाशी फोटो काढत होते. जुना जकातीचा रांजण म्हणतात, म्हणून एका प्राचार्यांनी त्यात दहाची नोट टाकून पाहिली आणि मग ती काढता येईना. मी लेण्यात गेलो तर सर भिंतीशी उभे, हातात कागद नाही. ब्राह्मीवर हवेतूनच बोट फिरवत सावकाश वाचत होते. राणी नागनिकेच्या लेखातले यज्ञ, दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं. आकडे आले की थांबत, पुन्हा मागे जात. सरांना ब्राह्मी येते हे मला वीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

“एम. ए.ला असताना ओल्या कागदावर ब्रश आपटून ठसे घ्यायचो,” ते म्हणाले. “तेव्हा सर्टिफिकेटं नव्हती.”

मग मला मागच्या भिंतीकडे घेऊन गेले. तिथे एकेकाळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी, एक महारठी, राजकुमार. आता मूर्ती नाहीत, खाली पावलांच्या खुणा तेवढ्या आहेत, आणि वर ज्याची त्याची नावं.

सर बराच वेळ ती अक्षरं बघत राहिले. मग म्हणाले, “बघितलंत? माणूस गेला, नाव राहिलं. आणि एकाचीही वेलांटी चुकलेली नाही.”

खालून कुणीतरी ओरडलं, जेवण सुरू झालंय. सर हलले नाहीत.