फोकस कुणावर?

कंपनीने ड्रायव्हर बंद केले, तरी आमचा फिल्म स्कॅनर मरायला तयार नाही. मग एक तिऱ्हाईत सॉफ्टवेअर विकत घेतलं. जन्मदात्यांनी टाकलेल्या पोराला शेजाऱ्यांनी सांभाळावं, तसं ते त्याला सांभाळतं.

स्कॅन करायची होती लग्नाची 35 एमएम निगेटिव्ह. 24 बाय 36 मिलिमीटरच्या तुकड्यात अख्खं वऱ्हाड! 4000 डीपीआयला दोन कोटींवर पिक्सेल होतात खरे, पण फिल्म वर्षानुवर्षं गुंडाळलेली, भाजलेल्या पापडासारखी मधे फुगलेली. आणि स्कॅनरच्या भिंगाला एवढासा उंचसखलपणाही सोसत नाही.

फोकसचा बिंदू मधोमध ठेवला, की नवरा-नवरी लख्ख आणि कडेच्या आत्याबाई धुक्यात. कडेला सरकवला, की आत्याबाई प्रसन्न, नवरी बेपत्ता. जाणकार म्हणतात, बिंदू मध्य आणि कड यांच्या अधेमधे टेकवा. म्हणजे सगळेच थोडेथोडे नाराज. (मानपानाचं आमच्याकडे हेच सूत्र होतं.)

तेही केलं. फिल्मचा दाणा न् दाणा मोहरीसारखा टिपून आला. मामा तेवढे पुसट. चार वेळा फोकस केल्यावर उमगलं, ते फोटोग्राफरने ‘रेडी’ म्हटल्यावर जिलबीच्या ताटाकडे वळले होते.