हिरवी यादी, रिकामा रकाना

चिखली-मेहकरकडची बरीच पोरं पुण्यात हिंजवडीला ‘टेस्टिंग’ला आहेत. नेमकं काय करतात हे त्यांना सांगता येत नाही आणि आपल्याला कळत नाही, म्हणून सोयरीक जमवताना ‘आयटीत आहे’ एवढ्यावर भागतं. पण त्यांच्या कामातला एक कागद आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्यानं मागून घ्यावा असा आहे. ट्रेसिबिलिटी रिपोर्ट. नाव अवघड, काम तलाठ्यालाही जमेल असं. डावीकडे गिऱ्हाइकानं मागितलेली एकेक गोष्ट, नंबर घालून. तिच्यासमोर ती तपासायची चाचणी, मग पास की नापास, नापास असेल तर चूक कुठली आणि ती निस्तरली का. चाचणीचा रकाना रिकामा, म्हणजे ते कुणी तपासलंच नाही. चाचणी आहे पण डावीकडे मागणीच नाही, म्हणजे कुणी न मागितलेलं काम कुणीतरी पगार घेऊन करून बसलंय.

आता 2017 ची कर्जमाफी घ्या. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. 34,022 कोटी रुपये, 89 लाख शेतकरी, दीड लाखापर्यंतचं थकीत माफ. अर्ज ऑनलाइन, ओळख आधारवर, बँकांकडून माहिती 66 रकान्यांत. रकान्यांची हौस सरकारला कमी नव्हती. यातली एकच अट बघा: लाभ कुटुंबाला, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि 18 वर्षांखालची मुलं. एवढ्या एका ओळीवर हिंजवडीचा नवखा टेस्टरसुद्धा पानभर चाचण्या लिहील. नवरा जिल्हा बँकेत थकलाय, बायको स्टेट बँकेत. दोघांनी वेगवेगळे अर्ज भरले तर? पोरगा अठराचा झाला तो कुठल्या तारखेला धरायचा? विधवा सून रेशनकार्डावर एकत्र, सातबाऱ्यावर वेगळी, तिचं काय? आणि सगळ्यात साधी: एकाच आधार क्रमांकावर दोन अनोळखी माणसं आली, तर यंत्रानं थांबायचं की पैसे सोडायचे?

18 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर प्रमाणपत्रं वाटली गेली, फोटो निघाले. मग याद्यांमध्ये एकाच आधार क्रमांकावर अनेक खाती असल्याची बोंब उठली आणि बोट बँकांच्या माहितीकडे वळलं. म्हणजे चाचणी झाली, पण वाटप झाल्यावर आणि खऱ्याखुऱ्या शेतकऱ्यांवर. आमच्याकडे तर जिल्हा मध्यवर्ती बँकेलाच 2012 पासून काही वर्षं परवाना नव्हता. तिथली जुनी खाती आधी पाखडून घ्यावी लागतील हे कळायला कॉम्प्युटरही लागत नाही.

बरं, जीआर एकदा निघून गप्प बसला असता तरी चाललं असतं. मुदती वाढल्या, 2001 पासूनचे थकबाकीदार आत आले, कुटुंबाची अटही पुढे सैल झाली. त्या रिपोर्टची खरी किंमत इथे कळते. एक ओळ बदलली की तिला बांधलेल्या सगळ्या चाचण्या लगेच दिसतात, तेवढ्या पुन्हा करायच्या. आपल्याकडे ओळ बदलली की शेतकऱ्याची रांग बदलते. सेवा केंद्र, बँक, तहसील, परत सेवा केंद्र. ‘ग्रीन लिस्टला, म्हणजे पात्र ठरलेल्यांच्या यादीत, नाव नाही तुमचं.’ का नाही? ‘वरूनच आलं नाही.’ कुठल्या अटीत अडकलं हे खिडकीपलीकडच्या बाबूलाही ठाऊक नसतं. तो खोटं बोलत नसतो, एवढंच त्यातलं समाधान.

याबाबतीत जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ मंत्रालयाच्या पुढे आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर. पानावरची सुपारी म्हणजे राजा, करंजी म्हणजे तिजोरी. रात्रीतून काय हललं ते पहाटे पाहून भाकीत. त्या भाकितावर माझा काडीचा विश्वास नाही. पण कुठलं भाकीत कुठल्या दाण्यावरून निघालं, हे गर्दीतलं शेंबडं पोरगंही दाखवून देईल. घोडं पेंड खातं ते शेवटच्या रकान्यात. कपाशी वेचून झाल्यावर ढेकूळ काय बोललं होतं आणि पाऊस किती पडला, याचा ताळा करायला कुणी त्या वावरात परत जात नाही.

हिंजवडीतही सगळे संत नाहीत म्हणा. ऑडिटच्या आदल्या रात्री आधी सगळीकडे ‘पास’ लिहायचं आणि मग त्याला शोभतील अशा चाचण्या हुडकायच्या, हा धंदा तिथे चालतो. रिपोर्ट नखशिखांत हिरवागार दिसला की जाणता मॅनेजर आधी घाबरतो. आपले मंत्री अशा वेळी पत्रकार परिषद घेतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये शेतकरी नेते बच्चू कडूंच्या कर्जमाफीसाठीच्या नागपूर आंदोलनानंतर सरकारनं सांगितलं की कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पर्यंत घेऊ. कर्जमाफी म्हटली की जीआर आला, पोर्टल आलं, अंगठे आले. तेव्हा या खेपेला अर्ज मागवायच्या आधी प्रत्येक अटीसमोरची चाचणी आणि तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. 2017 च्या वेळी अर्जदारांच्या नावांचं चावडी वाचन ठरलं होतं. या वेळी आधी रिकाम्या रकान्यांचं करा, आणि तलाठ्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवा. वाचन लवकर संपणार नाही.