प्रत्यक्षदर्शी

माजिवड्याच्या आमच्या सोसायटीत फॉर्म्युला वन ‘प्रत्यक्ष’ पाहिलेला मी एकटाच. हे मी स्वतःहून कधी सांगत नाही. विषय तिकडे वळेल एवढी फक्त काळजी घेतो. मीटिंगमध्ये कुणी पार्किंगची तक्रार काढली, की ‘२०११ ला बुद्ध सर्किटवर...’ अशी मी सुरुवात करतो आणि सेक्रेटरी घड्याळ बघतात.

आता प्रत्यक्ष पाहिलं म्हणजे काय पाहिलं? ५.१२५ किलोमीटरची एक फेरी, अशा ६० फेऱ्या. त्यातला माझ्या वाट्याला आलेला तुकडा आमच्या नाक्यावरच्या पुलाएवढाही नसेल. गाडी डावीकडून यायची आणि मी मान वळवेपर्यंत उजवीकडे गेलेली असायची. सुरुवातीला निदान सगळ्या झुंडीने आल्या. मग माळ तुटली, आणि कोण पुढे, कोण फेरीभर मागे, काही कळेना. शेजारचा ओरडला की मीही ओरडायचो.

२.४ लिटरचं व्ही-एट इंजिन मिनिटाला १८,००० फेरे घेतं, हे मी पाठ करूनच गेलो होतो. तो आवाज कानांआधी बरगड्यांना कळतो, हे कुठे छापलेलं नव्हतं. कानात बोळे घालणं मला कमीपणाचं वाटलं. विसर्जनाचे डीजे पचवलेला माणूस मी! थोड्या वेळाने शेजारच्या शाळकरी मुलीने, एक शब्द न बोलता, आपल्याकडचे जादा बोळे माझ्या तळहातावर ठेवले. भगव्या स्पंजचे, चिमटीत चुरगाळून घालायचे आणि मग कानात हळूहळू फुगणारे.

घरी टीव्हीसमोर बायको होती. ‘फिरून परत तिथंच यायचं, तर निघायचं कशाला?’ हे तिचं या खेळाबद्दलचं मत. पण शर्यतीत काय चाललंय ते मला तीच कळवत होती. ‘लाल गाडी आणि चंदेरी गाडी घासल्या. चंदेरीचं नाक तुटलं.’ मी लगेच आजूबाजूला ‘मस्सा आणि हॅमिल्टन!’ असं जाहीर केलं. लोकांनी आदराने वळून पाहिलं. पाठोपाठ दुसरा मेसेज : ‘निळ्या गाडीतला मुलगा अजून पुढेच. जेवलात का?’

नारायण कार्तिकेयनबद्दल मात्र मला कुणी काही कळवायची गरज नव्हती. फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय. २००५ साली इंडियानापोलिसला हा चौथा आला, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. कितींत चौथा, ते कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही. झालं असं, की मिशेलिनचे टायर तिथल्या कलत्या वळणावर दगा देत होते, म्हणून २० पैकी १४ गाड्या पूर्वफेरी मारून सरळ पिटमध्ये परतल्या. उरल्या ६. त्यात दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. जॉर्डनमधला आपला नारायण चौथा, म्हणजे मिनार्ड्यांच्या पुढे. चिडलेल्या प्रेक्षकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या, पुढे मिशेलिनने तिकिटांचे पैसेही परत देऊ केले. सहाच गाड्या दिसल्या म्हणून परतावा! इथे २४ असून मला एकही धड दिसली नाही, त्याचं काय?

तर तोच नारायण त्या दिवशी एचआरटीच्या संथ गाडीत होता. शेवटी सतरावा आला, निळ्या गाडीतल्या वेटेलच्या तीन फेऱ्या मागे. पण तो समोरून गेला की अख्खा स्टँड उठायचा. (त्याच्याही मागे त्याचाच जोडीदार रिकार्डो होता, ज्याने पुढे ८ ग्रां प्री जिंकल्या. हे मी सोसायटीत आवर्जून सांगतो.)

शर्यतीआधी एक मिनिट शांतता पाळली होती. आदल्या दोन आठवड्यांत लास वेगासला डॅन वेल्डन आणि सेपांगला मार्को सिमोनचेली शर्यतीतच गेले होते. पडद्यावर ड्रायव्हर मान खाली घालून उभे होते, हेल्मेटविना. बहुतेक पोरसवदा चेहरे. मग पुढचा दीड तास समोरून नुसती गाडी गेली, असं मला म्हणवेना.

२०१३ नंतर ही शर्यत भारतात झालीच नाही. हा खेळ की करमणूक, आणि कर कुठला, यावर सरकारी कागद फिरत राहिले. घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यांना आपण दरवर्षी मुदतवाढ देतो, एका चांगल्या रस्त्याला नाही दिली.

असो. शर्यत जर्मनीच्या वेटेलने जिंकली, पण ती संपवली मराठी माणसाने. चौकटींचा झेंडा हलवला तो आपल्या सचिनने. हेही मला माजिवड्याहूनच समजलं. ‘अहो, सचिन दिसला का?’

‘अगदी समोर,’ मी उत्तर पाठवलं.