शनिवारी तह होत नाही

पवना जलाशयाकाठच्या बंगल्यांच्या जाहिरातींत तीन गोष्टी हमखास असतात: पाणी, किल्ले आणि अनलिमिटेड बार्बेक्यू. पैकी मोजून मिळतं ते फक्त बार्बेक्यू. दर माणशी पनीरचे चार तुकडे.

'लेक टच' बंगल्याला पाणी टच होतं ते पावसाळ्यानंतर. मे महिन्यात ते इतकं मागे सरतं की पोरं मधल्या जागेत क्रिकेट खेळतात आणि षटकार मारूनही चेंडू कोरडाच राहतो. म्हणूनच अंगणात पोहण्याचा तलाव असतो. समोर साडेआठ टीएमसीचं धरण आणि अलीकडे निळ्या फरशीचं डबकं. सगळं कुटुंब डबक्यात उभं राहून धरणाचे फोटो काढतं.

सर्वांत कौतुक वाटतं ते पिंपरी-चिंचवडकरांचं. पवनेचं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून शुद्ध होऊन त्यांच्या नळाला २०१९पासून एक दिवसाआड येतं. मधल्या दिवशी ते कुठे असतं हे पाहायला माणूस पंधरा-वीस हजार मोजून सहकुटुंब इथे येतो.

भाडं कमी करून मागू नये. समोर दिसणारे तुंग आणि तिकोना, तसेच मागचे लोहगड आणि विसापूर, हे चारही किल्ले १६६५च्या पुरंदरच्या तहात एकदम द्यावे लागले होते. पण त्या वेळी निदान वाटाघाटी तरी झाल्या. मिर्झाराजे जयसिंगांनी समोर बसवून बोलणी केली. बंगल्याचा मालक व्हॉट्सॲपवर 'वीकेंड रेट फिक्स' एवढंच लिहितो आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकतो. त्यातून २०२५मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. किल्ल्याला त्याचा काय लाभ होईल तो होवो, 'वर्ल्ड हेरिटेज व्ह्यू' गॅलरीच्या खोलीला लगेच झाला.

त्या गॅलरीतून ऐतिहासिक चर्चाही होते. मेहुणे तिकोन्याकडे बोट दाखवून "हा तुंग" म्हणतात, काका "राजमाची" म्हणून पैज लावतात. चहा घेऊन आलेला केअरटेकर हळूच म्हणतो, "तिकोना आहे साहेब." साहेब गुगल उघडतात. रेंज नसते, म्हणून वाद अनिर्णित राहतो.

रविवारी उरलेल्या वेळात लेणी 'करायची' असतात. भाजे, बेडसे की कार्ले, हे कुठे पायऱ्या कमी यावर ठरतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावं खांबांवर कोरलेली आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे लोक, त्यांत काही यवनसुद्धा, खांबांचा खर्च देत आणि मग नाव कोरून घेत. आपण त्यातली अनावश्यक पायरी काढून टाकली आहे. लोहगडाच्या तटावर हल्ली थेट नाव येतं, शेजारी बाण आणि बदाम.

रात्री डीजे. नियमाप्रमाणे दहाला बंद व्हायचा तो होतो. मग गाडीची दारं उघडून गाडीतला चालू होतो. पलीकडच्या वस्तीतली माणसं सकाळी लवकर उठणारी असतात. ती तक्रार करत नाहीत, कारण त्यांतलेच काही जण आपली भांडी घासायला येणार असतात.

त्या केअरटेकरला जमिनीबद्दल जरूर विचारा. बऱ्याचदा उत्तर असं मिळतं की अर्धी धरणात गेली, उरलेली विकली आणि त्याच जमिनीवरच्या बंगल्यात आता तो पगारी आहे. धरण १९७२च्या सुमाराचं. २०११मध्ये याच धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याविरुद्ध मावळचे शेतकरी महामार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मेले. जाहिरातीतल्या 'जवळची ऐतिहासिक स्थळे' या यादीत बऊरचं ते ठिकाण नसतं.

पवना धरणग्रस्तांपैकी अनेकांचं पुनर्वसन अर्धशतकानंतरही बाकी आहे. आपलं चेक-आउट मात्र सकाळी दहाला. उशीर झाल्यास अनामत रक्कम कापली जाते.