आठ टीबीतली कटती

आमच्या घरात आजवर एकही फोटो पुसला गेलेला नाही. चुलतदिराच्या वरातीत कॅमेऱ्यावर कोणाचा तरी अंगठा आलेले फोटो आहेत. कौंडण्यपूरहून पंढरपूरला निघणाऱ्या रुक्मिणीच्या पालखीचे दरवर्षी सतराशे साठ आहेत. मोबाईल खिशात असताना आपोआप निघालेला खिशाच्या आतल्या काळोखाचाही एक आहे. तो पुसायला निघाले तर सासरे म्हणाले, "राहू दे वं सूनबाई. तो सदरा आता कुठी राह्यला?"

हे सगळं बैठकीतल्या टीव्हीखालच्या काळ्या डब्यात साठतं. त्याला नास म्हणतात. घरातला प्रत्येक मोबाईल वायफायवरून आपापले फोटो त्यात ओततो. आत दोन-दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क. दोघींवर तंतोतंत तेच लिहिलेलं, म्हणजे एकीने मान टाकली तरी दुसरी आहेच. मात्र हा विमा फक्त डिस्क मरण्यापुरता. माणसाने एक फोटो पुसला की तो दोन्हीकडून एकदमच जातो. आमच्याकडे ती भीती नाही, हे वर आलंच आहे.

१९५६ साली वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं. त्याच वर्षी आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंची ५० तबकड्या, टनभर वजन आणि मावायची सारी ५० लाख अक्षरं. आजच्या मोबाईलचा एखादा फोटो घेतला की ती भरली असती. त्या लोकांना काय काय पुसावं लागलं असेल, या विचाराने मला त्यांची कीव येते.

आमच्या दोन टीबी भर मे महिन्यात भरल्या. काय पुसायचं यावर घरात बैठक झाली, एकमत झालं नाही, म्हणून आठ-आठ टीबीच्या दोन डिस्क आणल्या. एक निर्णय टाळायला सोळा टीबी लागले.

डिस्क बदलायची ती एकेक करून. एक जुनी काढायची, तिच्या जागी नवी सरकवायची, मग उरलेली जुनी आपल्यावरचं सगळं नवीवर उतरवते. त्या वेळात डब्यात सगळ्या घराण्याचा भूतकाळ एकाच म्हाताऱ्या डिस्कवर असतो. आणि तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचून काढण्याचं काम नेमकं तेव्हाच लागतं. बाहेर ४५ अंश. डिस्क साधारण ६० पर्यंत सोसते म्हणतात, पण ती खोलीपेक्षा नेहमीच जास्त तापलेली असते. पडद्यावर ५४ दिसले तशी मी कूलरचं तोंड सासऱ्यांच्या खाटेवरून डब्याकडे फिरवलं.

"तिले काऊन गरम होऊन राह्यलं? ती काय वखर वाह्यते?"

"मामाजी, तिची तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते."

ते थोडा वेळ विचारात पडले आणि खाट स्वतःच बाजूला सरकवली. मग ह्यांनी शंका काढली, की ओल्या ताट्यांची दमट हवा डिस्कला चालते का? त्यावर कूलर परत मामाजींना मिळाला आणि डब्याला कोरडा टेबलफॅन.

संध्याकाळी वावधन सुटलं आणि लाईन गेली. इन्व्हर्टर डब्यासाठी राखायचा म्हणून मिक्सर बंद, टीव्ही बंद. ऐन आयपीएलमध्ये. मोझरीहून प्रार्थना करून परतणारे शेजारचे काका टेकले आणि क्रिकेटऐवजी नवीवर किती उतरलं त्याचे टक्केच बघत बसले. ३७ वर आकडा बराच वेळ हलेना, तेव्हा मॅचपेक्षा जास्त सल्ले आले.

दुसऱ्या डिस्कचा सोहळा वेगळा मांडला. काढलेल्या जुन्या डिस्कवर सगळं शाबूत असल्याने सासूबाईंनी ती फडक्यात गुंडाळून कपाटात, दागिन्यांच्या डब्यामागे ठेवली. तज्ज्ञ सांगतात की एक प्रत यंत्राबाहेर हवी. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दोन्ही नव्या बसल्या तरी जागा जुन्याएवढीच दिसत होती. ती वाढवायची आज्ञा निराळी द्यावी लागते. दिली, तर पडद्यावर आले ७.२७.

"आठ आणले होते ना?" मामाजी चष्मा लावून उठले. उभा जन्म कापूस विकण्यात गेलेला माणूस! "आठ क्विंटल नेला अन् सव्वासात लावला. कटती कापली. कापसात ओल सांगतात, यात काय सांगितलं?"

मी म्हटलं, कंपनी हजार-हजाराने मोजते, यंत्र १०२४-१०२४ ने. माल तेवढाच आहे, माप वेगळं आहे.

"हाव," मामाजी म्हणाले, "अडत्याबी असंच समजावून सांगते."